मेंढेगावचे विमान बारामतीला थांबत नाही

माणूस जमिनीवरून वर उचलला जातो तो इंजिनाच्या जोरावर, असा शास्त्रज्ञांचा समज आहे. प्रत्यक्षात त्याला गाव उचलते. इंजिन बंद पडले तर माणूस खाली तरी येतो. गावाने एकदा वर नेलेला माणूस मात्र स्वतःहून उतरतो म्हणाला, तरी त्याला उतरू देत नाहीत.

गेणू बंडगर यांना हे तत्त्व कळायला एकतीस वर्षे लागली.

मेंढेगाव बुद्रुक हे इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकी आणि कळंब यांच्या मध्ये कुठेतरी येते. (मेंढेगाव खुर्द कुठे आहे, याचा अद्याप तपास लागलेला नाही.) तिथून १९६४ साली मेंढरांमागे फिरणारा गेणू मुंबईला गेला आणि एका विमान कंपनीत चिकटला. त्याचे काम असे, की विमान शेडमध्ये येऊन उभे राहिले की पुढच्या खोलीत चढायचे, वैमानिकाच्या खुर्चीत बसायचे, समोरच्या सगळ्या घड्याळांच्या काचा मऊ फडक्याने पुसायच्या आणि कशालाही हात न लावता खाली उतरायचे. नोकरी लागल्याचे पत्र त्याने घरी पाठवले. त्यात लिहिले होते, ‘मी विमानावर आहे.’

वाक्य व्याकरणाने शुद्ध आणि अर्थाने खरे होते. पण मेंढेगावात जो गाडीवर असतो तो ड्रायव्हर असतो आणि जो पाण्याच्या इंजिनावर असतो तो इंजिन चालवतो. तेव्हा जो विमानावर असतो तो कोण, हे ठरवायला पंचायत बसवावी लागली नाही.

गेणूने खुलासा तीन वेळा केला. पहिल्या वेळी बँड वाजत असल्याने तो कुणाला ऐकू गेला नाही. दुसऱ्या वेळी लोकांनी तो विनय समजून पाठीवर थाप मारली. तिसऱ्या वेळी सांगायला तोंड उघडले तेव्हा समोर अंतरपाट धरलेला होता, आणि ती वेळ कसलाच खुलासा करण्याची नसते.

अंतरपाटापलीकडच्या सिंधुबाईंना त्याने खरे सांगितले ते लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारले, “आणिक कुणाला सांगितलंय?”

“न्हाय.”

“मग ऱ्हाऊ द्या.”

याला कारण होते. पायलटाची बायको म्हणून सिंधुबाईंचा घडा आडावर पहिला भरला जाई, आणि बहात्तरच्या दुष्काळानंतर हापसा आला तेव्हा हापशावरही. गेणू मुंबईत, सिंधुबाई मेंढरांपाशी, अशी तीस वर्षे गेली. पण त्या तीस वर्षांत त्या एकदाही रांगेत उभ्या राहिल्या नाहीत. एका चुकीच्या समजुतीने एवढी पाण्याची सोय झाल्याचे दुसरे उदाहरण तालुक्यात नसावे.

पंचाण्णव साली गेणू निवृत्त होऊन घरी आले तेव्हा त्यांचे नाव कॅप्टन तात्या झालेले होते. मेंढरे विकली होती. पत्र्याची शेड रिकामी होती. तात्या सकाळी तिच्यात जाऊन बसत आणि समोरच्या भिंतीकडे पाहत. ज्या जातीच्या विमानावर त्यांचे आयुष्य गेले ते, म्हणजे फोकर फ्रेंडशिप, दोन पंख्यांचे, चाळीसएक माणसे नेणारे, आता भंगारात निघाले होते. त्याच्या खुर्चीत ते हजारो वेळा बसले होते. एकदाही जमीन सुटली नव्हती.

“एकदा उडवून बघायचंय,” एके दिवशी ते म्हणाले.

“काय?” सिंधुबाईंनी विचारले.

“तेच.”

सिंधुबाईंनी शेडमधली उरलीसुरली लेंडी झाडून दिली. परवानगी देण्याची त्यांची हीच पद्धत होती.

पुढची दोन वर्षे विमानबांधणीची. सांगाडा बाभळीचा. त्यावर ठोकून सपाट केलेले डांबराच्या पिंपांचे पत्रे. समोरची काच एका जीपची, जिला आता काचेची गरज उरली नव्हती. दोन खुर्च्या भंगारातल्या बसच्या ड्रायव्हरच्या (एकीवर ‘धूम्रपान करू नये’ असे लिहिलेले होते, ते तसेच ठेवले). इंजिनाचा वेग वाढवायचे दांडे शेतावरच्या डिझेल इंजिनाचे, पायातली फळी शिलाई मशीनची, हातातले चाक सायकलच्या हँडलचे. फक्त तीन घड्याळे अस्सल होती: वेगाचे, उंचीचे आणि विमान कलले की सांगणारे. ती तात्यांनी मुंबईच्या भंगारबाजारात स्वतः शोधली होती. दुकानदाराने ती पाण्याच्या मीटरच्या ढिगात टाकली होती. बाकीची चाळीस घड्याळे त्यांनी डब्यांच्या झाकणांवर हाताने रंगवली. पण कुठला आकडा कुठे, कुठला स्क्रू आडवा, कुठला उभा, यात दोऱ्याइतकाही फरक नव्हता. डोळे मिटूनही ज्या काचा पुसता येतात त्या डोळे उघडून रंगवणे अवघड जात नाही.

उडण्याची व्यवस्था शेजारच्या रावजींच्या दिपालीने केली. रावजींचा अंजिराचा मळा. मुलगी बारामतीच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायला जाई. क्लासने नवी यंत्रे घेतली तेव्हा जुन्यांतले एक तिने तात्यांकडे आणले. त्यात विमानाचा खेळ होता. रेडिओचा आवाज कमीजास्त करायची दोन बटणे तिने तात्यांच्या चाकाला जोडली आणि त्यांच्या तारा यंत्राला. चाक वळले की पडद्यावरचे विमान वळू लागले.

“पन तात्या, एक अडचण हाय,” दिपाली म्हणाली. “ह्या खेळात आपला मुलूख न्हाय. कुठनंबी उडलं तरी खाली शिकागोच दिसणार. अमेरिकेतलं.”

“दिसू दे,” तात्या म्हणाले. “वर गेल्यावर समदं सारखंच असंल.”

खरी अडचण उंचीच्या घड्याळाची होती. ते हवेच्या दाबावर चालते. तात्यांनी त्याला नळी लावली, नळीच्या टोकाला सायकलचा पंप, आणि पंपातला चामडी वायसर उलटा बसवला. दांडा ओढला की हवा शोषली जाई आणि काटा चढे. सोडला की उतरे. पडद्याच्या खालच्या भागात खेळाचा स्वतःचा उंचीचा आकडा येत असे. त्यावर तात्यांनी पत्र्याची पट्टी लावली, कारण खऱ्या विमानात असा आकडा नसतो. बाजूच्या फटीतून तो फक्त एकाच व्यक्तीला दिसे, ती म्हणजे यंत्राच्या बाजूला टांगलेल्या कापडी पडद्याआड पंप धरून बसलेल्या सिंधुबाईंना. आकडा चढेल तसा दांडा ओढायचा, उतरेल तसा सोडायचा. इंग्रजी आकडे दिपालीने त्यांना एका दुपारी शिकवले. अशा रीतीने विमान तात्यांच्या हाती आणि उंची सिंधुबाईंच्या हाती, अशी विभागणी झाली. अनेक संसारांत ती असतेच. इथे फक्त नळी दिसत होती.

पहिल्या सकाळी तात्यांनी दांडे पुढे ढकलले. पडद्यावरची धावपट्टी मागे सरकली, सुटली. आणि समोरचा काटा हलला. मुंबई समुद्राला लागून, विमान शेडमध्ये उभे. एकतीस वर्षे त्यांनी तो काटा शून्याच्या आसपासच पाहिला होता. तो पाचशेवर गेला, हजारावर गेला. तात्यांचा हात सवयीने खिशातल्या फडक्याकडे गेला. काच धूसर दिसत होती. पण काचेवर काही नव्हते. (ही बाब पुढे कोणत्याही अहवालात आली नाही.)

“अवो, आजून किती वर न्यायचं?” पडद्याआडून आवाज आला. “माझा दंड भरून आला.”

इथपर्यंत सगळे खाजगी होते. पण त्या सुमारास बारामतीला धावपट्टी झाली, आणि गोष्टीला सार्वजनिक स्वरूप आले.

बारामतीला काही झाले की इंदापूर तालुक्याला ते आपले राहिले असे वाटते. ही भावना नैसर्गिक असून तिच्यावर औषध नाही. मेंढेगावचे सरपंच दिग्विजयराव यांनी तातडीने ग्रामसभा घेतली आणि ‘हवाई अनुशेष’ हा शब्द सभेपुढे ठेवला. पाहणी झाली. गावातील प्रौढ: अकराशे बेचाळीस. पैकी विमान पाहिलेले: सर्व (खालून). विमानात बसलेले: एक. आणि तो एक जण स्वतःच्या शेडमध्ये विमान बांधून बसलेला असताना गाव मागासलेले कसे, असा प्रश्न दिग्विजयरावांनी विचारला. तात्यांची शेड गावाचे हवाई केंद्र म्हणून जाहीर झाली. ठरावाला एक उपसूचना जोडण्यात आली, ती सर्वांत जास्त टाळ्यांनी मंजूर झाली: सदर विमान कोणत्याही कारणास्तव बारामतीला थांबणार नाही.

तात्यांनी हात वर केला होता. सभेने तो अनुमोदन म्हणून मोजला.

खुर्च्यांमागे बाके टाकली गेली. एका वेळी दहा प्रवासी. दारावर पाटी लागली: चालू विमानात कॅप्टनशी बोलू नये. शेळ्या आणू नयेत. खिडकीतून थुंकू नये (विमान जमिनीवर असताना थुंकण्यास हरकत नाही). वीज गेल्यास विमान आहे त्या जागी थांबेल, घाबरू नये. या शेवटच्या नियमाचे कुणाला नवल वाटले नाही. मोटारीही तशाच थांबत.

पहिल्या आठवड्यात एकशे तीस जणांनी प्रवास केला. सात जणांना उलटी झाली, त्यांपैकी तिघे बाहेर रांगेत उभे होते. पडद्यावर शिकागोचे निळे सरोवर आले की बाकावरून आवाज उठे, “उजनी! उजनी आली!” धोंडाबाई नावाच्या वृद्ध बाईंचे माहेर उजनी धरणात गेले होते. त्या डोळ्यांवर हात धरून पडद्याकडे एकटक बघत आणि उतरताना म्हणत, “पानी लई वर हाय औंदा. देऊळ दिसंना.” तात्यांनी त्यांना खरे सांगायचे दोनदा मनात आणले. दोन्ही वेळा धोंडाबाई पदराने डोळे पुसत होत्या.

आता एवढे झाल्यावर उद्घाटन करणे भाग होते. (केंद्र सुरू होऊन दोन महिने झाले होते, पण उद्घाटनाशिवाय चालू असलेली गोष्ट चालू धरत नाहीत.) दिग्विजयराव बारामतीला गेले आणि नव्या धावपट्टीवर मुलांना विमान शिकवायला आलेल्या एका निवृत्त वैमानिकाला आमंत्रण देऊन आले. नाव कॅप्टन कर्णिक. तात्यांच्याच कंपनीत बावीस वर्षे फोकर उडवलेले. बारामतीच्याच माणसाने येऊन मेंढेगावचे विमान पाहावे, यातला आनंद वेगळा होता.

तात्यांनी ते नाव ऐकले आणि दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “सिंधू, त्यो मला वळखणार. मी आदीच समद्यांना सांगून टाकतो.”

“काय सांगणार?”

“खरं. काचा पुसत हुतो म्हून.”

सिंधुबाई हातातली सुपली खाली ठेवून म्हणाल्या, “तुमी खरं बोलून मोकळं व्हाल. उद्याच्याला हापशावर मला उभं ऱ्हायचंय. तीस वरसं ज्या बायांच्या म्होरं घडा लावला, त्यांच्या मागं ह्या वयात उभी करू नका मला.”

तात्यांनी या बाजूने कधी विचार केला नव्हता. पुरुषाचा मान त्याच्या छातीवर असतो, बाईला तो डोक्यावर घेऊन घरापर्यंत आणावा लागतो.

उद्घाटनाच्या दिवशी मंडप, हार, लाउडस्पीकर, सर्व यथास्थित होते. कॅप्टन कर्णिक एसटीने आले. अंगात साधा बुशशर्ट, डोक्याला टक्कल, मिशी नाही. गावाला पहिला धक्का तिथेच बसला. उलट तात्या फेटा बांधून उभे होते.

कर्णिक वाकून आत शिरले, तात्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. मग रंगवलेल्या झाकणांवरून त्यांनी एकेक बोट फिरवले. तेलाच्या दाबाच्या घड्याळाखाली एक स्क्रू तिरका होता.

“हा तिरकाच होता,” ते हळू म्हणाले. “माझ्याच विमानात. दुसऱ्या कुठल्या नाही. तुम्ही कोण?”

“बंडगर,” तात्या म्हणाले. “काचा पुसत हुतो, साहेब.”

कर्णिकांनी त्यांच्याकडे नीट पाहिले. “तुम्ही होय ते! काचेवर कधी कापसाचा तंतू नसायचा. आम्ही आपसात म्हणायचो, हा माणूस कोण आहे बघायला पाहिजे. राहूनच गेलं.”

एकतीस वर्षांत तात्यांना नोकरीबद्दल कुणी काही म्हटले, ते हे. बाहेर लाउडस्पीकर चालू असल्याने ते दुसऱ्या कुणाला ऐकू गेले नाही. पण पडद्यामागे पंपाचा दांडा धरून बसलेल्या सिंधुबाईंना ‘काचा’ हा शब्द ऐकू गेला. तेवढाच.

पाहुण्यांनी एक फेरी मारावी असा आग्रह झाला. मंडळी बाकांवर बसली, उरलेली दारात दाटली. कर्णिकांनी विमान सफाईने वर घेतले. काटा चढला: हजार, दोन हजार. धोंडाबाई म्हणाल्या, “उजनी आली.”

“उजनी नाही, आजी,” कर्णिक हसून म्हणाले. “हे शिकागो आहे.”

दिग्विजयरावांनी ग्रामसेवकांकडे पाहिले. ज्याला उजनी ओळखता येत नाही तो कसला वैमानिक, हे कुणी बोलून दाखवले नाही. शेवटी ते पाहुणे होते.

कर्णिक परत फिरले आणि उतरू लागले. तेव्हाच्या त्या खेळात खालची जमीन म्हणजे सपाट हिरवा रंग. उंचीचा अंदाज डोळ्याला येत नसे. पण वैमानिकाला पहिल्या दिवसापासून शिकवलेले असते, की डोळ्यावर नव्हे, काट्यावर विश्वास ठेवायचा. काटा अडीच हजार दाखवत होता. ते निवांत खाली येत राहिले. काटा अडीच हजारच दाखवत होता. समोर एक उंच काळी इमारत आली (गावाच्या नोंदीप्रमाणे साखर कारखान्याची चिमणी), आणि विमान तिच्यात सरळ घुसले. पडदा तडकल्यासारखा झाला.

तात्यांनी पडद्याआड पाहिले. सिंधुबाई दोन्ही हातांनी दांडा ओढून, पाय भिंतीला लावून बसल्या होत्या. दंडाच्या शिरा फुगल्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या नजरेला नजर दिली आणि मग हळूच दांडा सोडला.

बाहेर एव्हाना निकाल लागला होता. तात्यांच्या हातून दोन महिन्यांत एकदाही चिमणी पडली नव्हती. “तोतया हाय ह्यो,” कुणीतरी म्हणाले. “बारामतीवाल्यांनी मुद्दाम धाडलाय.” कर्णिकांनी शांतपणे खिशातून परवाना काढला. ग्रामसेवकांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि शेरा दिला, की सदर कागद इंग्रजीत असून फोटोत टोपी नाही.

तेव्हा तात्या उठले. लाउडस्पीकरपुढे जाऊन उभे राहिले आणि फेटा काढून हातात घेतला.

“ऐका,” ते म्हणाले. “पायलट हे हायत. मी न्हवं. मी कदीच न्हवतो. एकतीस वरसं मी निस्त्या काचा पुसल्या.”

आवाज पार शाळेपर्यंत गेला. या खेपेला बँड वाजत नव्हता. सगळ्यांनी नीट ऐकले.

पहिल्यांदा धोंडाबाई बोलल्या. “बघा की! सोताला बारकं करून पावन्याची लाज झाकतोय. येवढ्या मोठ्या मनाचा मानूस पायलट नसंल तर आनि कोन असंल?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. दिग्विजयरावांनी जागेवरच ठराव मांडला: श्री. गेणू बंडगर हे वैमानिक होते, आहेत व राहतील. बाजूने सर्व. विरोधात एक. (सदर विरोधी मत श्री. बंडगर यांचेच असल्याने व विषयात त्यांचे हितसंबंध गुंतलेले असल्याने ते बाद धरण्यात आले.) पाहुण्यांसाठी आणलेली शाल तात्यांच्या खांद्यावर घालण्यात आली. शाल अंगावर पडल्यावर माणसाला फार काही बोलता येत नाही.

निमगाव केतकीच्या स्टँडपर्यंत कर्णिकांना सोडायला एकटे तात्याच गेले. दिपालीने स्कूटर दिली होती. ती तात्यांना चालवता येत नसल्याने कर्णिकांनी चालवली. बस यायला वेळ होता.

“साहेब,” तात्या खाली बघत म्हणाले, “काटा खोटा हुता. माझ्या घरातनंच झालं.”

“कळलं मला, काटा दीड हजारावर यायला हवा होता तेव्हाच,” कर्णिक म्हणाले. “काटा हलत नाही म्हणजे काहीतरी गडबड आहे, हे कुणालाही कळेल.”

“मग?”

“काच इतकी स्वच्छ होती हो. वाटलं, काट्यापेक्षा आपलीच चूक असेल.”

बस आली. कर्णिक चढले आणि खिडकीतून त्यांनी हात हलवला. तात्यांनी शाल काढून घडी केली आणि स्कूटर हाताने ढकलत, चालत घरी आले. हापशावर बायकांची रांग होती. सिंधुबाईंचा घडा सगळ्यांत पुढे होता. त्यांनी तो भरला, डोक्यावर घेतला, आणि तात्यांच्या पुढे चार पावले चालत घरी गेल्या.

केंद्र अजून दोनेक वर्षे चालले. त्याच्या काळात मेंढेगावातून, आसपासच्या गावांतले धरून, सुमारे चार हजार जण आकाशात जाऊन आले आणि सगळे शेडच्या मागच्या दाराने सुखरूप उतरले. प्रवाशांच्या सुरक्षिततेचा एवढा चांगला आकडा मोठ्या कंपन्यांकडेही नसतो.

मेंढेगावच्या भोळेपणाचे हसू येणे साहजिक आहे. हल्ली आपण सगळेच विमानाने जातो. आपण बसतो तेव्हा पुढच्या खोलीचे दार बंद असते. आतून एक आवाज येतो, तो काय म्हणतो ते अर्धेअधिक कळत नाही, आणि आपण मुकाट्याने पट्टा बांधतो. मेंढेगावच्या लोकांनी निदान आत वाकून पाहिले होते.